छोट्या विमानाचं वजन आणि तोल कसा काढतात: हातगाडीपासून सीजीपर्यंत

मस्जिद बंदरला दुपारच्या वेळी हातगाडीवर माल चढवताना कधी नीट बघितलंय का? लांबलचक गाडी, दोन चाकं मध्यावर, पुढे एक जण ओढायला आणि मागे एक जण ढकलायला, आणि गोण्या अशा रचलेल्या की बघणाऱ्याला वाटावं कशाही टाकल्यात, पण तसं नसतं. मी एकदा तिथल्या एका काकांना विचारलं, "काका, कुठली गोणी कुठे ठेवायची हे कसं ठरवता?" ते म्हणाले, "पोरी, माल चाकावर घ्यायचा, अन् जरासं पुढं जड ठेवायचं. मागं जड झालं ना तर गाडी उलटंल अन् मी दांड्याला लटकीन."

मी तेव्हा नुकतीच विमान उडवायला शिकायला लागले होते आणि ज्या धड्यात मी आठवडाभर अडकले होते तो धडा काकांनी दोन वाक्यात सांगितला. विमानाचा वेट अँड बॅलन्स म्हणजे हेच आहे. फक्त हातगाडीवाल्याला चूक लगेच हाताला कळते आणि तो गोणी सरकवतो, विमानात चूक कळते तेव्हा चाकं जमिनीवरून उचललेली असतात, म्हणून आपण आधी कागदावर हिशोब करतो. तो हिशोब आठवीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे, गुणाकार, बेरीज, भागाकार, बास. तरी लोक त्याला घाबरतात किंवा कंटाळा करतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी विमान कुठलं ते सांगते. लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट म्हणजे दोन सीटचं, एका इंजिनाचं छोटं विमान. अमेरिकेत २००४ साली हा वेगळा वर्ग केला तेव्हा जमिनीवरून उडणाऱ्या विमानासाठी जास्तीत जास्त टेकऑफ वजन ६०० किलो ठरवलं, पाण्यावरून उडणाऱ्यासाठी ६५०, आणि युरोपातही हाच ६०० चा आकडा आला. अमेरिकेने २०२५ मध्ये नियम बदलून वजनाऐवजी स्टॉल स्पीडवर, म्हणजे ज्या वेगाच्या खाली पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत त्या वेगावर, भर दिलाय, पण आज जगभर या वर्गातली जी विमानं उडतायत त्यातली बहुतेक त्या ६०० च्या चौकटीत बसवूनच बनवलेली आहेत. ६०० किलो म्हणजे किती तर माणसांसकट, पेट्रोलसकट, बॅगांसकट सगळं मिळून. रिकामं विमानच साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे उरले अडीचशे किलो, त्यात दोन माणसं, टाकी आणि सामान. मोठ्या विमानात एखादी बॅग जास्त झाली तर तिचा हिस्सा नगण्य असतो, इथे दहा किलोची बॅग म्हणजे तुमच्या हातात असलेल्या वजनाचा पंचविसावा भाग. म्हणून विमान जितकं छोटं तितका हा हिशोब जास्त काटेकोर करावा लागतो, आणि बऱ्याच लोकांना नेमकं उलट वाटतं.

वजन जास्त झालं की काय होतं ते समजायला सोपं आहे, म्हणून पटकन सांगते. धावपट्टी जास्त लागते, वर चढायला वेळ लागतो, स्टॉल स्पीड वाढतो, आणि चाकांवर, पंखांवर ताण येतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. विमानाच्या पुस्तकातले मूळ आकडे १५ अंश तापमान धरून दिलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी ३५ असतं, आणि प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट असं गणित धरलं तर समुद्राच्या पातळीवर उभं असलेलं विमान २४०० फुटांवर असल्यासारखं वागतं, म्हणजे जवळजवळ माथेरानच्या उंचीवर. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पुढच्या पंख्याची म्हणजे प्रोपेलरची पकड कमी. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी जे वजन आरामात उचललं जातं तेच मे महिन्यातल्या दुपारी जड जातं.

पण वजन हा अर्धा प्रश्न. दुसरा अर्धा म्हणजे ते वजन कुठे ठेवलंय. आता सीजीकडे येऊ.

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, शाळेत शिकलेला. विमान एका बिंदूवर दोरी बांधून टांगलं आणि ते सरळ राहिलं तर तो बिंदू सीजी. बागेतल्या सी-सॉवर लहान मूल एका टोकाला आणि त्याचे बाबा दुसऱ्या टोकाला बसले तर मूल वरच राहतं, पण बाबा सरकत सरकत मध्याजवळ आले की तोल जमतो. बाबांचं वजन तेवढंच आहे, फक्त अंतर कमी झालं. वजन गुणिले अंतर, याला मोमेंट म्हणतात, आणि अंतराला आर्म म्हणतात. अंतर कुठून मोजायचं तर एक ठरलेली रेघ असते तिला डेटम म्हणतात. ही रेघ कुठेही असू शकते, कोणी नाकाच्या टोकाला धरतं, कोणी इंजिनामागच्या फायरवॉलला, कोणी पंखाच्या पुढच्या कडेला, विमान बनवणारा ठरवतो आणि ती हँडबुकात लिहिलेली असते. दोन वेगळ्या विमानांचे आर्म एकमेकांत मिसळायचे नाहीत एवढं लक्षात ठेवा, कारण डेटम वेगळा असेल तर सगळाच हिशोब चुकतो.

आता एक कागदावरचं विमान घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्याही खऱ्या विमानाला लावू नका, तुमच्या विमानाचे आकडे फक्त त्याच विमानाच्या हँडबुकात आणि वेट शेड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या रिकाम्या वजनाच्या नोंदीच्या कागदात, मिळतील.

पहिलं काम रिकामं विमान तोलणं. हे मला खूप आवडतं कारण यात गवंडीकामासारखी हातातली कला आहे. टाकीतलं पेट्रोल काढतात, फक्त तळाचं जे कधीच वापरता येत नाही तेवढं राहतं आणि ते रिकाम्या वजनातच धरतात, ऑइल भरलेलं असतं, आत विसरलेल्या बाटल्या, चटया, टॉर्च सगळं बाहेर. हँगरचे दरवाजे बंद करतात आणि पंखेसुद्धा बंद करतात, मुंबईच्या उकाड्यात घामाने निथळत का होईना, कारण पंखावरून साधी झुळूक गेली तरी विमान थोडं उचललं जातं आणि काटा कमी दाखवतो. तीन चाकांखाली तीन वजनकाटे, स्पिरिट लेव्हल लावून विमान बरोबर आडवं करतात, मग डेटमवरून आणि चाकांच्या आसावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करतात आणि टेपने अंतर मोजतात. तोच ओळंबा जो गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतो.

आपल्या विमानाचा डेटम नाकाच्या टोकाला. पुढचं चाक तिथून ०.८० मीटरवर आणि त्याच्यावर ८८ किलो आलं. मागची दोन चाकं २.२० मीटरवर, डाव्यावर १३२ आणि उजव्यावर १३०, मिळून २६२. एकूण ३५० किलो. आता मोमेंट: ८८ गुणिले ०.८० म्हणजे ७०.४, आणि २६२ गुणिले २.२० म्हणजे ५७६.४, बेरीज ६४६.८. याला ३५० ने भागा, आलं १.८४८ मीटर. रिकाम्या विमानाचा सीजी नाकापासून १.८४८ मीटरवर आहे. झालं, सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट एवढीच होती.

हँडबुक म्हणतं या विमानाचा सीजी उडताना १.८९० ते २.०२२ मीटरच्या मध्येच पाहिजे. म्हणजे फक्त १३ सेंटिमीटरची पट्टी, हाताची वीतसुद्धा नाही. (काही हँडबुकात हेच टक्क्यात दिलेलं असतं, पंखाची सरासरी रुंदी म्हणजे कॉर्ड घेऊन तिच्या पुढच्या कडेपासून सीजी किती टक्के मागे आहे असं. आपल्या विमानाची कॉर्ड १.२० मीटर आणि तिची पुढची कडा १.६५ वर धरली तर हीच पट्टी २० ते ३१ टक्के होते. भाषा वेगळी, गोष्ट एकच.) तुमच्या लक्षात आलं असेल की रिकामं विमान या पट्टीच्या बाहेर, पुढे आहे. ते चालतं, कारण रिकामं विमान उडत नाही, माणूस बसल्यावर काय होतं ते बघायचं.

सीट २.२५ मीटरवर, दोघं शेजारी शेजारी. बॅगांची जागा सीटच्या मागे २.९० वर, जास्तीत जास्त २५ किलो. टाकी पंखात पुढच्या बाजूला, १.८० वर, १०० लिटरची. एव्हिएशन पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं, म्हणजे पूर्ण टाकी ७२ किलो. इथे लिटर आणि किलो यांची गफलत नवीन लोक हमखास करतात, १०० लिटर लिहायच्या जागी १०० किलो, किंवा उलटं, म्हणून मी कागदावर पेट्रोल नेहमी किलोतच लिहिते.

साधं उदाहरण. दोन माणसं ८२ आणि ७८ म्हणजे १६०, टाकी फुल्ल ७२, बॅग १५. एकूण ३५० + १६० + ७२ + १५ = ५९७ किलो. सहाशेच्या आत. मोमेंट: विमान ६४६.८, माणसं १६० गुणिले २.२५ म्हणजे ३६०, पेट्रोल ७२ गुणिले १.८० म्हणजे १२९.६, बॅग १५ गुणिले २.९० म्हणजे ४३.५. बेरीज ११७९.९, भागिले ५९७, सीजी १.९७६. पट्टीच्या आत, छान.

बरेच जण इथेच थांबतात, आणि माझं म्हणणं आहे की इथे थांबलात तर हिशोब केलाच नाही असं समजा. कारण पेट्रोल जळतं. विमान जे वजन आणि जो तोल घेऊन निघालं तो घेऊन उतरत नाही. आपल्या विमानात टाकी पुढे आहे, म्हणजे पेट्रोल संपत जाईल तसं पुढचं वजन कमी होणार आणि सीजी मागे सरकणार. उतरताना १० लिटर, म्हणजे ७.२ किलो उरलंय असं धरून पुन्हा करा: वजन ५३२.२, मोमेंट १०६३.२६, सीजी १.९९८. दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त मागे गेला. इथे अडचण नाही, अजून जागा आहे, पण गेला ना? ज्या विमानात टाकी सीटच्या मागे असते तिथे उलटं होतं, उडताना सीजी पुढे येतो. तुमच्या विमानात कुठल्या बाजूला जातो हे तोंडपाठ असायला हवं.

आता सीजी पट्टीच्या बाहेर गेला तर नक्की काय बिघडतं? हातगाडीकडे परत जाऊ. काका म्हणाले जरासं पुढं जड ठेवायचं. विमानातही तसंच, पंखांची उचल जिथे लागते त्याच्या थोडा पुढे सीजी ठेवतात, म्हणजे नाक खाली झुकायला बघतं, आणि शेपटीचा आडवा पंख मागून खाली दाबून ते सावरतो. हातगाडीच्या मागचा माणूस गाडीवर किंचित रेलून चालतो ना, तेच काम शेपूट करतं. या व्यवस्थेचा फायदा असा की वाऱ्याच्या झटक्याने नाक वर गेलं तर ते आपोआप परत जागेवर येतं.

सीजी फार पुढे गेला तर शेपटीला खूप जोरात दाबावं लागतं, आणि ते दाबणंसुद्धा पंखांनाच पेलावं लागतं, म्हणजे विमान आहे त्याहून जड असल्यासारखं उडतं, स्टॉल स्पीड वाढतो. खरी पंचाईत उतरताना होते. जमिनीजवळ वेग कमी झालेला असतो, शेपटीवर हवा कमी असते, तुम्ही स्टिक म्हणजे विमान चालवायची दांडी पूर्ण मागे ओढता आणि नाक वर येत नाही. मग पुढचं चाक आधी आपटतं, आणि छोट्या विमानाचं पुढचं चाक असा मार खायला बनवलेलं नसतं.

सीजी फार मागे गेला तर सुरुवातीला उलट बरं वाटतं, आणि म्हणूनच मला हा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. स्टिक हलकी लागते, विमान पटापट ऐकतं, शेपटीला कमी दाबावं लागतं म्हणून वेगही थोडा जास्त मिळतो. पण नाक परत जागेवर येण्याची ती जी आपोआपची सवय होती ती कमी कमी होत जाते आणि एका मर्यादेपलीकडे उलटी होते, म्हणजे नाक जरा वर गेलं की अजून वर जायला बघतं. स्टॉल झाला तर सुटकेचा मार्ग एकच असतो, नाक खाली करून वेग घ्यायचा, आणि मागे जड असलेलं विमान नाक खालीच करत नाही. स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली पडायला लागलं, तर सपाट फिरत राहू शकतं आणि बाहेर येत नाही. काका म्हणाले होते मी लटकीन, तेच, फक्त इथे खाली रस्ता नाही.

पुढे जड कसं होतं त्याचं उदाहरण मी स्वतःच आहे. माझं वजन ५२ किलो. एकटी उडाले, टाकी फुल्ल, सामान काही नाही. वजन ४७४, मर्यादेपेक्षा सव्वाशे किलो कमी, कोणीही म्हणेल की हिशोबाची गरजच काय. करून बघा: ६४६.८ + ११७ + १२९.६ = ८९३.४, भागिले ४७४, सीजी १.८८५. पुढची मर्यादा १.८९०. बाहेर! विमान इतकं हलकं असून उडायला योग्य नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीन वेळा आकडेमोड तपासली होती, कारण मनात पक्कं बसलेलं की कमी वजन म्हणजे सुरक्षित. उपाय साधे आहेत. टाकी अर्धीच भरली तर सीजी १.८९२ वर येतो, म्हणजे काठावर का होईना पण आत, आणि पुढे पेट्रोल जळेल तसा तो अजून मागे म्हणजे चांगल्या बाजूला जातो. किंवा हँडबुक परवानगी देत असेल तर सामानाच्या जागेत १० किलोचं वजन घट्ट बांधून ठेवायचं, मग फुल्ल टाकीलाही १.९०६ येतं. घट्ट बांधून हे शब्द महत्त्वाचे, कारण सुटं वजन हवेत सरकलं तर कागदावरचा सीजी कागदावरच राहतो. एकट्याने उडणाऱ्या, बारीक अंगाच्या मुली आता बऱ्याच शिकायला येतायत, त्यांनी हे नक्की करून बघावं, कारण पुस्तकातली उदाहरणं बहुतेक वेळा अंगापिंडाने भरलेल्या माणसांचीच असतात.

आता मागे जड. यासाठी माझे मामा. गेल्या मे महिन्यात मामांना आमच्या सरांबरोबर एक फेरी मारायची होती, मुंबईबाहेरच्या ज्या धावपट्टीवर मी शिकते तिथून दुसऱ्या एका धावपट्टीपर्यंत, जिथे मामांचे एक मित्र राहतात, आणि मामांना मित्रासाठी हापूसची पेटी न्यायची होती. खरं विमान वेगळं होतं, आकडे मी आपल्या कागदावरच्या विमानात बसवून सांगते, घडलं ते असंच.

सर ८८ किलो. मामांना विचारलं, "मामा, वजन किती?" मामा म्हणाले, "असेल पंच्याऐंशी." मामांची कपड्यांची बॅग १५ किलो, पेटी १०, म्हणजे २५, बरोबर मर्यादेवर. पेट्रोल ४२ किलो, म्हणजे साधारण ५८ लिटर, आणि अशी विमानं तासाला १८ ते २० लिटर पितात म्हणजे अंतराला पुरून अर्ध्या तासाचं राखीव राहील इतकं. एकूण ५९० किलो. निघताना सीजी २.००७, उतरताना १० लिटर उरले तर २.०२०. मर्यादा २.०२२. दोन्ही आत, हिशोब बसला.

सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मामांना काट्यावर उभं कर." आमच्याकडे वजनाचा काटा ठेवलेलाच असतो. बूट, कपडे, खिशातला मोबाईल, पॉवर बँक, गळ्यात दुर्बीण, जसे विमानात बसणार तसे मामा उभे राहिले. ९५ भरले.

मामा खोटं बोलले नव्हते हे मला सांगायचंय. माणूस आपलं वजन सांगतो ते शेवटचं कधीतरी केलेलं असतं, कोणी डॉक्टरकडे, कोणी दादरला नाहीतर कुर्ल्याला स्टेशनवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या मशीनवर नाणं टाकून, ज्याच्या तिकिटावर मागे भविष्य असायचं. तो आकडा डोक्यात राहतो आणि वर्षं जातात. मोठ्या विमान कंपन्याही यात चुकल्या आहेत. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० उड्डाण करताच कोसळलं, विमानातले सगळे २१ जण गेले. तपासात दोन गोष्टी एकत्र आल्या, शेपटीच्या एलिव्हेटरची केबल देखभालीत चुकीची जुळवल्यामुळे नाक खाली करायला पुरेशी हालचाल उरली नव्हती, आणि विमान मर्यादेपेक्षा जड आणि सीजी मागच्या मर्यादेबाहेर होता. कागदावर मात्र सगळं आत होतं, कारण माणसांचं वजन सरासरी धरलेलं आणि ती सरासरी जुनी. त्यानंतर तिथल्या नियामकाने छोट्या प्रवासी विमानांतल्या प्रवाशांना खरोखर काट्यावर उभं करून मोजायला लावलं आणि सरासरीचे आकडे वाढवले. आपल्या दोन सीटच्या विमानात तर सरासरी हा शब्दच वापरू नये, दोनच माणसं आहेत, दोघांना तोला.

तर मामा ९५. आता एकूण बरोबर ६०० किलो. निघताना मोमेंट १२०६.६५, सीजी २.०११, आत. बॅग मर्यादेत, वजन मर्यादेत, टेकऑफचा तोल मर्यादेत. आणि उतरतानाचा हिशोब: वजन ५६५.२, मोमेंट ११४४.०१, सीजी २.०२४. बाहेर. म्हणजे विमान अगदी नियमात उडतं आणि वाटेत कधीतरी, कोणाला काहीही न जाणवता, नियमाबाहेर जातं, आणि नेमकं वेग कमी करून जमिनीजवळ यायच्या वेळी सगळ्यात वाईट अवस्थेत असतं.

मामा म्हणाले, "दोन मिलिमीटरने काय होतंय?" प्रश्न रास्त होता म्हणून उत्तरही नीट देते. दोन मिलिमीटर हा आपल्या हिशोबाचा आकडा आहे, विमानाचा खरा सीजी त्या हिशोबात शिरलेल्या प्रत्येक छोट्या चुकीमुळे अजून कुठेतरी असतो. काटा एक किलो कमी दाखवत असेल, पेटी म्हणता म्हणता अकरा किलोची असेल, मामा सीट मागे सरकवून बसतील. आणि राखीव पेट्रोलही वापरायची वेळ आली तर सीजी २.०२७ पर्यंत जातो. मर्यादेच्या पलीकडे हे विमान कसं वागतं हे आपल्यासाठी कोणी उडवून बघितलेलं नाही. टेस्ट पायलटने जिथपर्यंत तपासलं तिथपर्यंतच पट्टी आखलेली आहे.

रिकाम्या वजनाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी सुरुवातीला जिथे शिकत होते तिथे विमानात एक लॅमिनेट केलेला कागद होता, त्यावर रिकामं वजन छापलेलं, आणि आम्ही सगळे मुकाट्याने तोच आकडा उतरवून घ्यायचो. मधल्या काळात त्या विमानात नवीन रेडिओ बसला होता, बॅटरी बदलली होती, रंग दिला होता. पुन्हा तोललं तेव्हा सहा किलो जास्त निघालं. महिनोन्महिने सगळ्यांचे हिशोब सहा किलोने चुकत होते आणि एकाही विद्यार्थ्याला ते कळायचा मार्ग नव्हता, याचा मला अजूनही राग आहे. रंगसुद्धा वजन असतो. म्हणून कुठल्याही नवीन विमानात बसायच्या आधी सही-तारखेचं सगळ्यात नवीन वेट शेड्यूल मागून बघा, लाजू नका. आपल्याकडे डीजीसीएच्या म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या व्यवस्थेत हे कागद असावेच लागतात, उड्डाणाचा हिशोब ज्यावर मांडतात त्याला लोड अँड ट्रिम शीट म्हणतात. मोबाईलवर ॲप आहेत, एक्सेल शीट आहेत, मीही वापरते, पण आत भरलेलं रिकामं वजन जुनं असेल तर ॲप तुम्हाला चुकीचं उत्तर तीन दशांशापर्यंत अचूक देतं.

डाव्या-उजव्या तोलाबद्दल फारसं लिहीत नाही, छोट्या विमानात तो क्वचित मोजतात, दोन्ही टाक्यांमधलं पेट्रोल साधारण सारखं ठेवलं की भागतं.

एक छोटी युक्ती मात्र घ्या, रोज उपयोगी पडते. वजन एका जागेवरून दुसरीकडे हलवलं तर सीजी किती सरकेल हे पूर्ण हिशोब न करता काढता येतं: हलवलेलं वजन गुणिले हलवलेलं अंतर, भागिले एकूण वजन. सामानाच्या जागेतून १० किलो सीटच्या रेषेत आणले तर अंतर ०.६५ मीटर, म्हणजे ६.५ भागिले ६००, साधारण १.१ सेंटिमीटर पुढे. पण पायाशी सुटी बॅग ठेवायची नसते, ती रडर पेडलखाली, म्हणजे पायलटच्या पायाखालच्या पेडलखाली, जाऊ शकते, त्यामुळे सामान हलवण्यापेक्षा बहुतेक वेळा ते खाली उतरवणंच बरं.

जुहूच्या विमानतळाजवळून जाताना मला नेहमी १५ ऑक्टोबर १९३२ आठवतो, जेआरडी टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथमधून तिथे उतरले होते, बरोबर साधारण २५ किलो टपाल. आपल्या कागदावरच्या विमानाच्या बॅगेची मर्यादा जेवढी, तेवढंच.

मामांचं काय झालं? सरांनी मला विचारलं, "काय कमी करशील?" पेट्रोल कमी करणं हा पहिला विचार माझ्या मनात आला, पण ते या विमानात चुकीचं, कारण पेट्रोल पुढे आहे, ते कमी केलं की सीजी अजून मागे, शिवाय राखीव साठ्याला हात लावायचा नसतो. सीजीच्या मागे सगळ्यात लांब काय आहे ते आधी काढायचं. पेटी काढली आणि पुन्हा मांडलं: एकूण ५९०, निघताना १.९९६, उतरताना २.००८. मर्यादेपासून साधारण १.४ सेंटिमीटर आत. सरांनी सही केली, मामांनी पेटीकडे एकदा बघितलं आणि विमानात चढले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी स्वतः हँगरमध्ये पेटी फोडली आणि तिथल्या पोरांना आंबे वाटले, आणि जाताना काट्यावर उभे राहून, बूट काढून, पुन्हा एकदा वजन करून घेतलं.